सात जणींचा धंदा वाढला कसा?



आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या फराळाला आता बाहेरूनही मागण्या येऊ लागल्या आहेत. “एवढे आपल्याच्याने निभेल का?” असे काही जणी विचारतात. शंका रास्त आहे. धंदा सुरू करायला उमेद पुरते, पण तो वाढवायला आखणी लागते. ‘लिज्जत पापड’ची हकीकत म्हणूनच आज सांगते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकीच एक. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे पावसाळा लागला, पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी बायकांनी खाट व स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! पावसाची सोय आधीच झाली.

आरंभी त्या स्वस्तातला हलका पापडही करीत. पारेखांनी बजावले की माल एकाच प्रतीचा ठेवा आणि हिशेब चोख लिहा. देणग्यांच्या आधाराने चालायचे नाही, हे तर बायकांनीच ठरविले होते.

काम वाढले तेव्हा त्यांनी त्याची वाटणी केली. पीठ शाखेत मळायचे, म्हणजे चव एक राहते. लाटायचे आपापल्या घरी, म्हणजे मुलेबाळे सांभाळता येतात. दुसऱ्या दिवशी पापड तपासून घ्यायचे आणि मजुरी चुकती करायची. लाटणारी प्रत्येक जण संस्थेची भागीदार, नफ्यातही आणि तोट्यातही. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज हजारो बायका तिथे काम करतात. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

भगिनींनो, सगळा भार एकटीने वाहणे म्हणजे पुढारीपण नव्हे. आपल्याकडे चकलीची भाजणी दोघी-तिघींनाच जमते. त्या आजारी पडल्या तर मागणी कोण पुरी करणार? तेव्हा मोठी मागणी घेण्याआधी भाजणीचे माप लिहून ठेवू, आणखी चौघींना ते शिकवू, माल तपासणारी एक जण नेमू आणि दरमहा हिशेब सर्वांसमोर वाचू. एवढे झाले की मागणीला खुशाल होकार द्यावा, अशी माझी सूचना आहे.