मैलांचं पासबुक



आमच्या घरी दोन पासबुकं होती. एक बँकेचं. ते कपाटात, हिच्या ताब्यात. दुसरं माझ्या ऑफिसच्या बॅगेत. खरं म्हणजे ते पासबुक नव्हतंच. एका विमान कंपनीकडून अधूनमधून येणारा हिशेबाचा कागद होता तो. अमुक तारखेला पुणे ते दिल्ली, इतके पॉइंट जमा. तमुक तारखेला दिल्ली ते गुवाहाटी, इतके जमा. शेवटी एकूण शिल्लक. मी ते कागद फाईलला लावून ठेवत असे. ही गमतीनं म्हणायची, "बँकेचं पासबुक कधी उघडत नाही तुम्ही, पण हे मात्र रोज!"

मी बॉयलर बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. महिन्यातून चार-पाच विमानप्रवास ठरलेले. तिकिटाचे पैसे कंपनी भरायची, पॉइंट माझ्या नावावर जमा व्हायचे. रात्री-अपरात्री विमानतळावर ताटकळताना तेवढाच एक दिलासा असायचा. चला, खात्यात भर पडली.

त्या शिलकीतून एक गोष्ट करायची असं मी २०११ साली ठरवलं. माझी आई मूळची वाईची. वाईला दक्षिण काशी म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहेच. आई म्हणायची, "जन्म दक्षिण काशीत गेला, आता एकदा खरी काशी बघायची." ती तेव्हा ७४ वर्षांची होती. विमानात कधी बसली नव्हती. मी तिला सांगून टाकलं, "आई, तुला विमानानं काशीला नेतो. तेही फुकट!"

कंपनीच्या तक्त्याप्रमाणे आम्हा दोघांच्या जाण्यायेण्याला ४८,००० पॉइंट लागत होते. माझ्याकडे ४१,००० होते. म्हटलं, अजून पाच-सहा महिने थांबू. पाच महिन्यांनी ४८,००० झाले आणि त्याच सुमारास कंपनीचं पत्र आलं. 'आमच्या सन्माननीय सभासदांना अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून' अशी त्याची सुरुवात होती. आत नवा तक्ता होता. त्याच प्रवासाला आता ७२,००० पॉइंट लागणार होते.

मी चडफडलो, पण हट्टाला पेटलो. ७२,००० तर ७२,०००! पुन्हा जमवायला लागलो. ते जमत आले तेव्हा कळलं, की पॉइंटांवर मिळणाऱ्या खुर्च्या थोड्याच असतात आणि आम्हाला हव्या त्या दिवसांत एकही शिल्लक नाही. असं करता करता तीन वर्षं गेली. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा सगळा प्रकार काय आहे, ते थोडं बघू.

या योजनांचा उगम अमेरिकेतला. विमानाचं भाडं किती असावं, कोणत्या कंपनीनं कोणत्या मार्गावर उडावं, हे तिथेही पूर्वी सरकार ठरवत असे. १९७८ साली कायदा करून ते बंधन काढलं गेलं आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाइकांसाठी ओढाताण सुरू झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं 'ॲडव्हांटेज' नावाची योजना काढली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात जमा, आणि पुरेसे साठले की एक प्रवास फुकट. त्याच महिन्यात युनायटेड या प्रतिस्पर्धी कंपनीनंही आपली योजना जाहीर केली.

कल्पना साधी होती. विमान सुटलं की त्यातल्या रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली तर कंपनीचं फारसं काही जात नाही आणि गिऱ्हाईक बांधलं जातं. आपला वाणी जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर शेंगदाणे जास्तीचे टाकतो, तसंच हे.

पण पुढे या मुठीचा व्यापार झाला. १९८७ साली अमेरिकन एअरलाइन्स आणि सिटी बँक यांचं क्रेडिट कार्ड निघालं. आता मैल मिळवायला विमानात बसायचीही गरज उरली नाही. किराणा घ्या, पेट्रोल भरा, मैल जमा. हे मैल बँक विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेते. हा धंदा केवढा वाढला याचं एक उदाहरण देतो. २०२० साली करोनाच्या साथीत जगभरची विमानं जमिनीवर उभी होती. तिकिटं विकली जात नव्हती. त्या जुलै महिन्यात युनायटेडनं ६८० कोटी डॉलर उभे केले, ते आपली मैलांची योजना तारण ठेवून! विमानं उडत नसतानाही सावकाराला त्या योजनेचा भरवसा वाटला.

आता गोम कुठे आहे ते पाहा. सरकारनं नोटा भरमसाट छापल्या तर महागाई वाढते. पॉइंटांचंही तसंच आहे. कार्डांमुळे पॉइंट अमाप झाले, फुकटच्या खुर्च्या मात्र तेवढ्या वाढल्या नाहीत. मग प्रवासाचा 'भाव' वाढतो. नोटांवर निदान रिझर्व्ह बँकेची नजर असते. इथे टांकसाळ, रिझर्व्ह बँक आणि दुकानदार हे तिघंही एकच. नोट तोच छापणार, तिची किंमत तोच ठरवणार आणि मालही तोच विकणार.

गेल्या काही वर्षांत दोन मोठे बदल झाले. पहिला बदल पॉइंट मिळण्याच्या पद्धतीत. पूर्वी अंतरावर मिळायचे, आता बहुतेक ठिकाणी खर्चावर मिळतात. डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी कंपन्यांनी २०१५ साली हे केलं, अमेरिकन एअरलाइन्सनं २०१६ साली. आपल्याकडे एअर इंडियानं एप्रिल २०२४ पासून आपल्या योजनेत अंतराऐवजी खर्च धरायला सुरुवात केली.

याचा फरक माझ्या धाकट्या बहिणीच्या उदाहरणावरून समजेल. ती नाशिकला शिक्षिका होती. मुलगा न्यू जर्सीत. दोन-तीन वर्षांतून एकदा ती त्याच्याकडे जाते, तिकीट चार महिने आधी, स्वस्तातलं स्वस्त बघून काढते. मुंबईहून न्यूयॉर्कच्या परिसरात थेट जायचं म्हणजे एका बाजूनं सुमारे ७,८०० मैल. जाऊन येऊन साडेपंधरा हजारांच्या वर. अंतराचा पूर्ण हिशेब मिळायचा त्या काळात एवढे मैल खात्यात पडत. नव्या पद्धतीत डेल्टा किंवा युनायटेडनं साध्या सभासदाला एका डॉलरला पाच मैल देऊ केले. कर वगळून १,००० डॉलरचं तिकीट असेल तर ५,००० मैल. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. बहीण मला म्हणाली, "दादा, मी काटकसर केली म्हणून मला कमी, आणि ज्यांनी उधळले त्यांना जास्त! हा कुठला न्याय?"

कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर त्यातही तर्क आहे. जो जास्त पैसे देतो तो मोठं गिऱ्हाईक. आयत्या वेळी महाग तिकीट काढून कामासाठी धावणारा, ज्याचे पैसे त्याचं ऑफिस भरतं, त्याचा यात फायदाच झाला. पण तोही निर्धास्त नाही. चांदीचं, सोन्याचं, प्लॅटिनमचं कार्ड मिळवायच्या अटी त्याच्यासाठीही वरवर सरकत असतात. डेल्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये या अटी एकदम कडक केल्या, विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात किती वेळा जाता येईल त्यावरही बंधन आणलं. प्रवाशांनी एवढी ओरड केली, की ऑक्टोबरमध्ये कंपनीला त्यातल्या काही अटी सैल कराव्या लागल्या. बोलणाऱ्याचं कधी कधी ऐकलं जातं, हे त्यातून दिसतं.

दुसरा बदल पॉइंट वापरण्याच्या पद्धतीत. पूर्वी छापील तक्ता असायचा. या शहरातून त्या शहरात, इतके पॉइंट. डेल्टानं २०१५ साली आणि युनायटेडनं २०१९ साली असा जाहीर तक्ताच काढून टाकला. मंडईत भाजीचा भाव जसा सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तसा आता पॉइंटांचा भावही रोज हलता. दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे शाळांना सुट्ट्या असतात आणि आपल्यासारख्यांना जायचं असतं नेमकं तेव्हा, तो चढलेला असतो.

"मग कोर्टात का जात नाही?" असं तुम्ही म्हणाल. लोक गेले होते. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८८ साली नियम बदलले, आणि ते आधी साठवलेल्या मैलांनाही लावले. अमुक तारखांना फुकट प्रवास नाही, खुर्च्या मर्यादितच, वगैरे. प्रवाशांनी दावा लावला. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ साली निकाल लागला. न्यायालयानं म्हटलं, की राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्हाला दाद मागता येणार नाही, मात्र कंपनीनं स्वतः केलेला करार मोडला असेल तर त्यासाठी मागता येईल. आता गंमत अशी, की करारात बहुधा एक ओळ असतेच. नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार कंपनीला आहे. ती बारीक अक्षरातली ओळ आपण वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

आणि कधी कधी विमान कंपनीच उरत नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. तिची पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीच्या हाती होती, म्हणून ती टिकली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' या नव्या नावानं चालू राहिली. पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते मैल साठवले, ते विमानच नव्हतं. त्या मानानं विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एकास एक या हिशेबानं नव्या 'महाराजा क्लब'मध्ये वळते झाले. एवढंच नव्हे, तर २००६ पासून अशी योजना न ठेवता वाढलेल्या इंडिगोनंही २०२४ साली स्वतःची योजना आणली. तेव्हा या पॉइंटांपासून सुटका नाही. त्यांच्याशी कसं वागायचं ते मात्र आपल्या हातात आहे.

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पहिली, केवळ पॉइंट मिळतात म्हणून महाग तिकीट घेऊ नका. दुसरी, पॉइंटांची मुदत कधी संपते ते बघून ठेवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिसरी, क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे असतील तर तिकीट खरोखर काढायचं असेल तेव्हाच वळवा, कारण एकदा गेलेले सहसा परत येत नाहीत. आणि चौथी, हे पॉइंट मुलाबाळांसाठी ठेवून जाण्याची वस्तू नव्हे. अनेक योजनांच्या नियमांप्रमाणे सभासद गेला की त्याचे पॉइंटही गेले.

थोडक्यात, पॉइंट हे मुरत ठेवायचं लोणचं नाही, ताक आहे. आज आहे तोवर प्यावं. उद्या ते आंबणारच.

आता आईचं सांगतो. २०१४ च्या हिवाळ्यात एक दिवस हिनं मला बँकेचं खरं पासबुक पुढे आणून दिलं आणि म्हणाली, "तिकिटं काढा." दोघांची मिळून ३६,००० रुपयांची झाली. ते पैसे २०११ सालीही आमच्याकडे होते.

आई विमानात खिडकीशी बसली. ढग खाली बघून लहान मुलीसारखी हसली. काशीत विश्वनाथाचं दर्शनही नीट झालं. पण त्या तीन वर्षांत तिचे गुडघे गेले होते. जिनं वाईला कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या जन्मभर चढ-उतार केल्या, तिला दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या उतरता येईनात. ती वरच्या पायरीवर बसली. मी खाली जाऊन तांब्यात गंगेचं पाणी आणलं आणि तिच्या हातावर घातलं. तिनं ते डोळ्यांना लावलं. मला राहवेना. मी म्हटलं, "आई, आपण तीन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. मी ते फुकटच्या तिकिटाच्या नादात..."

ती गंगेकडेच बघत होती. म्हणाली, "अरे, तिकीट फुकटच हवं, असं मी कधी म्हटलं होतं का?"

आई आता नाही. ते पॉइंट पुढे कधीतरी मुदत संपून गेले. किती होते ते आता आठवतही नाही. फाईल मात्र मी अजून ठेवली आहे. कुणाला कुठे न्यायचं मनात आलं आणि 'पुढच्या वर्षी बघू' असं तोंडात यायला लागलं, की ती उघडून बघतो.