पालकांची पत्रयादी आणि तिची निगा



शाळेतून पालकाच्या घरी जाणारे पत्र ही दिसावयास लहान गोष्ट असली, तरी खेड्यातील कित्येक घरांशी शाळेचा लेखी संबंध येतो तो एवढ्या एका पत्रापुरताच. पत्रावर आपले नाव शुद्ध लिहिलेले आहे, आपल्या मुलाची इयत्ता बरोबर आहे, हे पाहून पालकास समाधान वाटते. उलट ज्या घरातील कर्ता पुरुष दोन वर्षांमागे निवर्तला, त्या घरी त्याच्याच नावाने पालकसभेचे निमंत्रण गेले, तर त्या माउलीच्या मनास काय यातना होत असतील, हे सांगावयास नको. पत्राचा मजकूर दोन्ही घरी एकच; फरक पडतो तो यादीमुळे. यास्तव पत्र कसे लिहावे हा आजचा विषय नसून, ज्या यादीवरून पत्रे निघतात ती यादी कशी राखावी, हा आहे.

एकच मजकूर अनेकांस पाठविण्याची गरज जुनीच आहे. सायक्लोस्टाइलच्या काळात नावाची जागा मोकळी सोडून प्रती काढीत व ती जागा हाताने भरीत. १९६४ साली आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि तोच मजकूर पुनःपुन्हा टंकित करण्याचे श्रम वाचू लागले. १९७८ साली निघालेल्या वर्डस्टार या लेखनप्रणालीस पुढे मेलमर्ज नावाची जोड मिळाली. आज मायक्रोसॉफ्ट वर्ड असो, की विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस रायटर असो, दोहोंत ही सोय असून तिला मेल मर्ज असेच म्हणतात.

या सोयीची दोन अंगे आहेत. एक मूळ पत्र व दुसरी यादी. यादी एक्सेल किंवा कॅल्कच्या तक्त्यात ठेवावयाची असते. तक्त्यातील एक आडवी ओळ म्हणजे एक विद्यार्थी आणि एक उभा रकाना म्हणजे एक बाब, हे सूत्र कधीही सोडू नये. वर्डमध्ये 'मेलिंग्ज' या विभागात जाऊन ती यादी निवडावी, पत्रात जेथे नाव हवे तेथे नावाचा रकाना व जेथे इयत्ता हवी तेथे इयत्तेचा रकाना घालावा, आणि शेवटी मर्ज करावे. यादीत साठ ओळी असतील, तर साठ पत्रे तयार होतात. यंत्राचे काम येथे संपते. ते यादीत लिहिलेले तेवढेच उतरवून काढते. खरे-खोटे ओळखत नाही. ती जबाबदारी शिक्षकाचीच राहते.

पहिली अडचण बहुधा यादीच्या माथ्यावरच उद्भवते. शाळांतून तक्ता करताना पहिल्या ओळीत शाळेचे नाव, दुसऱ्या ओळीत केंद्र व तालुका, तिसऱ्या ओळीत वर्ष, आणि मग रकान्यांची नावे लिहिण्याचा प्रघात आहे. भिंतीवर लावावयाच्या तक्त्यास ते शोभते. परंतु मेल मर्ज करणारी प्रणाली पहिल्या ओळीसच रकान्यांची नावे समजते, आणि मग पत्रात 'विद्यार्थ्याचे नाव' निवडू गेल्यास त्या जागी शाळेचे नाव दिसू लागते. म्हणून पहिल्या ओळीत केवळ रकान्यांची नावे असावीत, मध्ये रिकामी ओळ नसावी, घरे एकमेकांत मिसळलेली नसावीत, आणि प्रत्येक इयत्तेसाठी वेगळा तक्ता न करता इयत्तेचा एक रकाना ठेवावा. इयत्तावार पत्रे हवी असल्यास त्या रकान्यावरून निवड करता येते.

दुसरी बाब नावाची. संपूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबले, तर आडनावाप्रमाणे क्रम लावणे अथवा केवळ पालकाचे नाव उचलणे शक्य होत नाही. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे चार रकाने करणे सोयीचे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची नोंद शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ सालीच घेतला. ती बालके शाळेत दाखल होतील, तेव्हा असे चार रकाने असलेली यादी बदलावी लागणार नाही. 'श्री.' व 'श्रीमती' यांसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि 'पत्र कोणाच्या नावे' असाही एक रकाना अवश्य ठेवावा. पालक म्हणजे वडीलच, असे गृहीत धरल्यानेच निवर्तलेल्या माणसाच्या नावाने पत्र जाते. कोठे आई, कोठे आजी, कोठे मामा हे पालक असतात. ते यादीत नोंदलेले असले, म्हणजे चूक होण्यास जागा उरत नाही.

मराठीत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो व्याकरणाचा. मराठीत नामास विभक्तिप्रत्यय लागतो आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. यंत्रास हे कळत नाही. सुदैवाने मराठी पत्रलेखनाच्या रूढीतच यावर उपाय आहे. 'श्रीमती अमुक यांस' असे लिहिले, की प्रत्यय 'यांस' या शब्दावर जातो व नाव जसेच्या तसे राहते. 'आपला मुलगा हजर नव्हता' याऐवजी 'आपल्या पाल्याची उपस्थिती नव्हती' अशी वाक्यरचना केली, तर मुलगा व मुलगी या दोघांस ती लागू पडते. जेथे भेद करणे अटळ असेल, तेथे 'मुलगा' किंवा 'मुलगी' असा रकाना ठेवून वर्डमधील 'रूल्स' या सोयीने अट घालता येते. परंतु अटींचे जाळे विणण्यापेक्षा वाक्य नीट बेतणे अधिक सोपे.

अंक व तारखा यांबाबतही सावध राहिले पाहिजे. सरल प्रणालीतील विद्यार्थ्याचा क्रमांक एकोणीस अंकी असतो, आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपून पुढील अंकांच्या जागी शून्ये मांडते. त्यामुळे निरनिराळ्या विद्यार्थ्यांचे क्रमांक पाहता पाहता एकसारखे होऊन जातात, व गेलेले अंक परत मिळत नाहीत. असा क्रमांक यादीत ठेवणे आवश्यकच असेल, तर भरण्यापूर्वी त्या रकान्याचे स्वरूप 'टेक्स्ट' असे करून घ्यावे. जन्मतारखेचेही तसेच. १ जून ही तारीख पत्रात उतरताना अमेरिकन रीतीने महिना आधी येऊन छापली जाते, आणि वाचणारा ती ६ जानेवारी अशी वाचतो. तारीखही टेक्स्ट स्वरूपात लिहिली, म्हणजे जशी लिहावी तशीच छापली जाते.

जुन्या याद्या कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत लिहिलेल्या असतील, तर त्या वेळीच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. जुन्या टंकात संगणक रोमन अक्षरांचे संकेत साठवितो व वर केवळ देवनागरी आकृती दाखवितो. पत्राचा टंक बदलताच नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीच्या वर्णांस स्वतःचे संकेत आहेत. तद्वतच इयत्तेचा अंक कोठे देवनागरीत, कोठे आंतरराष्ट्रीय अंकांत व कोठे अक्षरांत लिहू नये. वाचणाऱ्यास तिन्ही एकच. परंतु निवड करताना यंत्र त्यांस तीन निराळ्या इयत्ता मानते, आणि काही मुले पत्रावाचून राहतात.

यादी तयार करणे हे एका दिवसाचे काम आहे. ती राखणे हे वर्षभराचे. प्रथम प्रत्येक ओळीस जनरल रजिस्टरचा क्रमांक द्यावा. गावात एकाच नावाची दोन मुले असू शकतात. तो क्रमांक मात्र दोघांचा एक असत नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलाची ओळ पुसून टाकू नये. 'स्थिती' असा रकाना करून त्यात 'चालू' किंवा 'दाखला दिला' असे लिहावे, व पत्रे काढताना 'चालू' तेवढेच निवडावे. एका घरातील तीन भावंडे शाळेत असतील, तर सभेची तीन पत्रे एकाच घरी जातात; यासाठी 'घरपत्र' असा रकाना ठेवून तिघांपैकी एकासमोरच खूण करावी. यादीची प्रत मात्र एकच असावी. मुख्याध्यापकांजवळ एक, वर्गशिक्षकाजवळ दुसरी आणि भ्रमणध्वनीत तिसरी, असे झाले की दुरुस्ती एकीत होते व पत्रे दुसरीवरून निघतात. शेवटच्या रकान्यात ती ओळ केव्हा पडताळली, त्याची तारीख लिहावी. वर्षभरात न पडताळलेली ओळ ही शंकास्पद समजावी.

या सर्व खटाटोपाचे मोल कोठे कळते? ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण घ्यावे. मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातील कित्येक गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. परंतु मुलास गावी ठेवावयाचे की बरोबर न्यावयाचे, हा निर्णय आईबापांनी गाडी निघण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो. ज्या शाळेच्या यादीत 'हंगामी स्थलांतर' असा रकाना आहे, ती शाळा दसऱ्यापूर्वीच नेमकी तेवढी घरे निवडून पत्रे काढू शकते, आणि शिक्षक ती पत्रे घेऊन घरी जाऊन दोन शब्द बोलू शकतो. जेथे यादी जुनी आहे, तेथे पत्र जाते ते कुलूप लावलेल्या दारापाशी. तोवर ते पोर पाचटात बसून धाकट्या भावंडास सांभाळीत असते. यादीतील एका रिकाम्या घरापायी एका मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. या सदस्यांची नोंद यादीत एका रकान्याने केली, तर सभेचे पत्र प्रत्येक सदस्यास तिच्या वा त्याच्या स्वतःच्या नावे जाते. स्त्री सदस्याच्या सभेचे पत्र तिच्या पतीच्या नावे जाऊ लागले, तर कायद्याने दिलेली जागा यादीने काढून घेतली, असेच म्हणावे लागेल.

छपाईपूर्वीची दक्षता थोडक्यात सांगता येईल. 'प्रिव्ह्यू रिझल्ट्स' या सोयीने निदान पहिले, शेवटचे आणि मधले एक पत्र डोळ्यांखालून घालावे. नंतर एकदम कागदावर न छापता सर्व पत्रांची एक स्वतंत्र फाइल करून घ्यावी, पत्रांची संख्या पटाशी ताडून पाहावी, आणि मगच छपाईस बसावे. मूळ पत्र व यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. यादीची जागा वा नाव बदलले, की पत्रास ती सापडत नाही.

शेवटची गोष्ट विश्वासाची. पालकांनी शाळेस दिलेली माहिती ही ठेव होय. डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने अधिनियम केला. परंतु कायदा नसता, तरीही ठेवीचा धर्म हाच असता. पत्रासाठी जे लागत नाही, ते पत्रयादीत नसावे. आधार क्रमांक, बँकेचे खाते, जात व आजार यांचे रकाने या यादीत कशास हवेत? ती यादी गटातील सर्वांस भ्रमणध्वनीवरून पाठवू नये, आणि बाहेरच्या दुकानात छपाईस देण्याचा प्रसंग आला, तर तयार पत्रेच द्यावीत, यादी देऊ नये.

हजेरीपट, जनरल रजिस्टर व दाखले शिक्षकाने पिढ्यान् पिढ्या चोख राखले. त्यांतील एका नोंदीवर पुढे कित्येकांच्या नोकऱ्या व हक्क अवलंबून राहिले. ही पत्रयादी त्याच परंपरेतील आहे. जूनमध्ये शाळा उघडताच एकदा आणि दसऱ्यापूर्वी एकदा, वर्गातील प्रत्येक मुलास जवळ बोलावून 'घरी कोण कोण आहे, पत्र कोणाच्या नावे धाडू' एवढे विचारावे व उत्तराप्रमाणे ओळ दुरुस्त करावी. साठ मुलांच्या शाळेत या कामास दोन दुपारीही लागणार नाहीत.