कोपर



मघाशी फोटोसाठी सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा माझा उजवा हात थोडा वाकडाच राहिला. मागून कुणीतरी विचारलं, "अजून तसाच हाय व्हय गं?" होय, तसाच आहे. त्याची अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. उरलेली आज सांगते.

नववीत खो-खोच्या सरावात सूर मारताना मी हातावर पडले आणि कोपराचं हाड मोडलं. प्लास्टर होतं तोवर तुम्हीच माझ्या वह्या उतरवून दिल्यात. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर गंजक्या बिजागरीसारखं आखडलं होतं. "हात हलवत राहा," असं सांगितलं गेलं. पण कुणी हलवायचा आणि कसा, ते घरी नीट कळलं नाही. त्यात आपलं गाव पैलवानांचं. अंग आखडलं की चोळायचं! मला एका चोळणाऱ्याकडे नेलं. तो तेल लावून जोर लावून हात ओढायचा. मी ओरडायचे आणि मला घट्ट धरून बसलेली आई रडायची. हात सुजला, आणखी आखडला.

कोपर हा मुळातच पटकन आखडणारा सांधा. त्याच्या पुढचा स्नायू सांध्याला अगदी लागून असतो. दुखापतीनंतर तो जोराने चोळला, ताणला, तर स्नायूतच हाड तयार होऊ शकतं. माझ्या एक्स-रेत तेच दिसलं. मग चोळणं बंद झालं. आता सोसेल तेवढा हात आपला आपणच हलवायचा होता, तोही महिनोन्‌महिने.

संघातली जागा गेली. पण आपल्या खेळाच्या बाईंनी मला घरी बसू दिलं नाही. रोज मैदानावर फक्की मारायला लावली. वाकायचं, मूठ भरायची, हात लांब करून रेषा ओढायची. तो माझा व्यायाम होता, हे मला कॉलेजात गेल्यावर उमगलं. वर्षभरात माझी वेणी मला घालता आली. शेवटचे वीसेक अंश मात्र राहिले ते राहिलेच. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते, कीबोर्डला तर त्याहून कमी.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतलाही कोपराच्या दुखापतीने बराच काळ नेमबाजीपासून दूर ठेवलं होतं. २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ती बातमी वाचताना ऑफिसात मी माझंच कोपर धरून बसले होते.

आई शेवटच्या आजारपणातही माझा हात कुरवाळत म्हणाली, "मीच धरलं होतं गं तुला." तिचा काय दोष? तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते. तुमची पोरं आज फुटबॉल खेळतात, पडतात. कोपर दुखावलं तर तेल लावून चोळू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. प्लास्टर निघाल्यावर हात काही आठवडे आखडलेला राहिला तर घाबरू नका. डॉक्टर सांगतील तसा पोराला स्वतःला हलवू द्या. पण बोटं बधिर झाली किंवा आलेली हालचाल परत कमी होऊ लागली, तर थांबू नका, पुन्हा दाखवा.

आणि बाई, त्या फक्कीबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते.