कळसूबाईची ओटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि हळदीकुंकवाला उखाणा घ्यायची पाळी आली तरी मागच्या रांगेत सरकायची माझी सवय तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "डोंगर चढून आलात ना, मग पाच पायऱ्यांच्या व्यासपीठाला का भिता?" तेव्हा त्यांच्या शब्दाखातर मी उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या मार्गशीर्षात गुरुवारांचे उद्यापन आटोपले, त्याच आठवड्यातील शनिवार-रविवार आपल्या मंडळातील आम्ही आठजणी कळसूबाईचे शिखर आणि रतनगड पाहून आलो. कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या मापाने सुमारे ५४०० फूट. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला हे नाव मी घोकले होते. सिन्नरहून ते काही फार लांब नाही. पण लग्न होऊन इकडे आल्याला माझी चोवीस वर्षे झाली, आणि मी ते पाहिले नव्हते.

ही कल्पना निघाली आपल्या भिशीच्या दिवशी. मास्तरीणबाई म्हणाल्या, "दरवर्षी आपण गाडी करून देवदर्शन करतो आणि गाडीतच बसून दमतो. एकदा पायांनी जाऊ या." सगळ्या हसलो. परंतु आठवडाभराने खजिनदारबाईंनी वही काढून खरोखरच नावे लिहून घेतली, तेव्हा हसणे बंद झाले आणि घरी विचारायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

खरे सांगते, मला वाटत होते की घरून नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. मला उंचीची भीती आहे. माळ्यावरचा डबा काढायलासुद्धा मी मुलाला हाक मारते. ह्यांनी विचारले, "दोन दिवस घरचे कोण बघणार?" मी गप्प बसले. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "मी बघीन. भाकरी मी टाकीन, भांडी पोरं घासतील. तिला जाऊ दे."

मी चकितच झाले. रात्री त्यांनी मला जवळ बसवून घेतले. त्यांचे माहेर घोटीच्या बाजूचे. लहानपणी शेतावर गेले की समोर कळसूबाईचा डोंगर दिसायचा. पुढे आमचे हे दोन वर्षांचे असताना तापाने फार आजारी पडले, तेव्हा त्यांनी देवीला नवस केला होता की, पोर बरे झाले तर तुझ्या माथ्यावर येऊन ओटी भरीन. पोर बरे झाले. पण मग दुसरे बाळंतपण, दिराचे लग्न, सासऱ्यांचे दुखणे, आणि शेवटी गुडघे. सासूबाई म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं झाली, ते ओझं डोक्यावर आहे. तू जातेसच, तर माझी ओटी घेऊन जा." त्यांनी ट्रंकेतून हिरवा खण काढून माझ्या हातात दिला. झाले! आता मागे फिरायची वाटच उरली नाही.

महिनाभर आम्ही पहाटे उठून गावाबाहेरची टेकडी चढलो. पहिल्या दिवशी निम्म्यातच धाप लागली; महिनाअखेरीस बोलत बोलत वर जाऊ लागलो. ही तयारी केली नसती तर आमचे काही खरे नव्हते, हे मी आवर्जून सांगते.

शनिवारी पहाटे चार वाजता जीप निघाली. घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागून उजाडता उजाडता आम्ही बारी गावात पोचलो. हे गाव अकोले तालुक्यात, शिखराच्या पायथ्याशी आहे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गावातून भातखाचरांच्या बांधांवरून वाट वर जाते. भात निघून गेले होते, खाचरांत नुसती खुंटे उरली होती. पुढे चढ लागतो, तो मात्र सुटत नाही.

कपड्यांविषयी थोडे सांगते. सहाजणी पंजाबी पोशाखात होत्या. मी साडी नेसले होते, कारण ओटी भरायची तर साडीच हवी, असे माझ्या मनाने घेतले. तो हट्ट मला महाग पडला. पहिल्याच तासात निऱ्या तीनदा पायात आल्या. आमच्याबरोबरच्या मावशी मात्र काष्ट्याच्या नऊवारीत सर्वांच्या पुढे! आपल्या आज्या-पणज्या उगीच नव्हत्या काष्टा घालत.

वाटेवर जिथे कडा सरळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. पहिली शिडी मी देवाचे नाव घेत चढले. त्यापुढची डोळे मिटल्यासारखे करून चढले. माथ्याच्या खाली, शेवटच्या शिडीअगोदर, थोडी सपाटी आहे आणि तिथे एक विहीर आहे. इतक्या उंचावर विहीर पाहून नवल वाटते. तिथे आम्ही बसलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग बाकीच्या शिडीला लागल्या आणि मी सर्वांत शेवटी.

चार-पाच दांडे चढले असेन. वारा सुटला, पदर फडफडला आणि माझी नजर खाली गेली. खाली भातखाचरे, बोटाएवढी घरे, आणि मध्ये काहीच नाही. माझे हात शिडीला चिकटले. पाय उचलेना. वर जाववेना, खाली उतरवेना. मागून येणारी कॉलेजची मुले खोळंबली. कसाबसा एकेक पाय खाली टाकून मी उतरले आणि विहिरीपाशी येऊन मटकन बसले. मला रडू आले. मास्तरीणबाई अर्ध्यातून परत आल्या. मी पिशवी त्यांच्या हातात दिली नि म्हणाले, "ओटी तुम्ही भरा. माझ्याने होत नाही."

तिथे बारीचीच एक बाई लिंबू-सरबत विकायला बसली होती. वय माझ्याएवढेच असेल. पायात साधी चप्पल. ती म्हणाली, "वयनी, ओटी कुनाची?" मी सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पंचेचाळीस वर्सं सासूनं ठिवली, आन तुमच्या हातात दिली. तुमी शिडीच्या खालून दुसऱ्याला द्यायाची व्हय? वाईच बसा, पानी प्या. घाई न्हाई. मंग मी येती मागं. खाली बघायाचं न्हाई, हातापुरतं बघायाचं."

मी पाणी प्यायले. निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला घट्ट बांधला. ती माझ्या मागे राहिली आणि दर दांड्याला म्हणे, "आता उजवा. आता डावा." लहान मुलाला चालायला शिकवावे तसे तिने मला वर नेले. वर पोचल्यावर मी तिला किती द्यायचे ते विचारले, तर म्हणाली, "सरबत घ्या मंग खाली आल्यावर." नंतर समजले की ती रोज पहाटे दोन कळशा आणि लिंबांची पिशवी घेऊन पायथ्यापासून वर येते आणि संध्याकाळी उतरते. आम्ही महिनाभर तयारी करून जे एकदा केले, ते तिचे रोजचेच. माझ्या मनातील फुशारकी तिथेच गळून पडली.

माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. चार-पाच माणसे आत गेली की भरले. मी खण-नारळ आणि तांदूळ घेऊन सासूबाईंच्या नावाने ओटी भरली. वारा इतका की उदबत्ती लागेना. बाहेर येऊन भीत भीत चहूकडे पाहिले. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एका रांगेत, दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते, त्यापलीकडे हरिश्चंद्रगड. पूर्वेच्या बाजूला पट्टा किल्ला दाखवला. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे विश्रांती घेतली, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. मुलांच्या पुस्तकात वाचलेली नावे अशी डोळ्यांसमोर उभी राहिली म्हणजे काय वाटते, ते मला सांगता येत नाही.

उतरताना त्या बाईने आम्हाला कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. फिरत फिरत डोंगराखालच्या इंदोरे गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. मात्र तिची अट होती की, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सुरळीत गेले. एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. तिने ते काम केले, वाद घातला नाही; आणि मग सरळ डोंगर चढून गेली ती शेवटपर्यंत माथ्यावरच राहिली. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

यावर आमच्यात चर्चा झाली. खजिनदारबाई म्हणाल्या, "म्हणजे देवीलासुद्धा भांड्यांचा कंटाळा!" सगळ्या हसलो. पण मला रात्री झोप लागेना. भांडी घासण्यात कमीपणा आहे असे मी मानीत नाही. मी रोज घासते. परंतु कळसूने कामाला लागताना अट सांगितली होती. मी चोवीस वर्षांत एकही अट घातली नाही, आणि खरे तर मला कोणी घालू नको असेही म्हटले नव्हते. मीच कधी तोंड उघडले नाही. आणि सासूबाईंनीही उघडले नसावे, नाही तर पंचेचाळीस वर्षे त्या खणाची घडी ट्रंकेत कशाला राहिली असती?

त्या रात्री आम्ही भंडारदऱ्याजवळ शेंडी गावात मुक्काम केला. इथले धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि इथे अडविली आहे. हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली.

रविवारी दोघींचे पाय सुजले, त्या रतनवाडीतील अमृतेश्वराच्या देवळापाशीच थांबल्या. त्यांचेही काही नुकसान झाले नाही, कारण ते जुने दगडी देऊळ आणि शेजारची पुष्करिणी पाहण्यासारखीच आहे. आम्ही सहाजणी वाटाड्या घेऊन गडाकडे निघालो. हे सर्व रान अभयारण्यात येते. वाट गर्द झाडीतून आहे, भरदुपारीही सावली. शेवटी इथेही शिड्या! परंतु या वेळी मी मावशींच्या मागे राहिले, आणि आपोआपच माझ्या तोंडून निघाले, "आता उजवा. आता डावा." वर रत्नादेवीची गुहा आहे, आणि माथ्यावर कड्याला आरपार भोक पडलेले आहे, त्याला नेढे म्हणतात. सुईला असते ना, तसे. त्यात बसलो तर वाऱ्याने कानटाळ्या बसतात.

रात्री नऊ वाजता घरी आले. ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली होती; जरा तेलकट होती, पण मी काही बोलले नाही. सासूबाईंनी अंगारा कपाळाला लावला आणि विचारले, "वरून माझं माहेर दिसलं का?" मी म्हटले, "गावं पुष्कळ दिसली, पण तुमचं कोणतं ते मला ओळखता येईना." त्या म्हणाल्या, "मी असते तर ओळखलं असतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितले की, रविवारची भांडी यापुढे तुमची. कुरकुर झाली, पण अजूनपर्यंत चालू आहे.

आता जाता जाता नव्याने जाणाऱ्या भगिनींसाठी चार गोष्टी. महिनाभर आधी चढायचा सराव करावा. चांगल्या तळव्याचे बूट घ्यावेत, नवे कोरे घालून जाऊ नये. माणशी दोन बाटल्या पाणी, गूळ आणि दशमी जवळ ठेवावी. पहाटे निघावे, म्हणजे ऊन लागत नाही. पावसाळ्यात शिड्या निसरड्या असतात, तेव्हा हौस आवरावी. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या आपल्याबरोबर खाली आणाव्यात. आणि वाटेवरच्या बायाबापड्यांकडून सरबत घेताना घासाघीस करू नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. नवरात्रात कळसूबाईची जत्रा असते. त्या वेळी आपल्या घरातील ज्या सासवा, आया, मावश्या यांचे पाय आता चालत नाहीत, त्यांना आपण गाडीने बारीपर्यंत नेऊ या. त्यांनी खालूनच हात जोडावेत. आपल्यातील ज्या धडधाकट आहेत त्या त्यांच्या ओट्या वर नेतील. वाटेत त्यांची माहेरची गावे लागतील, तिथे गाडी थांबवावी. पहिले नाव माझ्या सासूबाईंचे लिहून घ्यावे. त्या आज इथेच, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.