सोमवारची वाफ
(1997 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली झालेत, मी वाफेवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "बोल बाई, पण पंधरा मिनिटांत आटप. नंतर पंगत आहे."

तर पंगतीआधी वाफ.

सर, तुम्ही आम्हाला अप्रकट उष्मा शिकवला होता. एक ग्रॅम पाणी शून्यावरून शंभर अंशांवर न्यायला 100 कॅलरी लागतात आणि त्याच पाण्याची शंभर अंशांवरच वाफ करायला आणखी 540. तेवढा वेळ तापमापी जागची हलत नाही. परीक्षेत हमखास यायचं: उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने भाजलेलं जास्त गंभीर का असतं, शास्त्रीय कारण द्या. दोन मार्क. मी ते पाठ करून दोन्ही मार्क घेतले, आणि त्याचा अर्थ मला तिशीत कळला, तोही चूक करून.

ऑपरेशनची कात्री, चिमटे, हिरवी कापडं हे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक करतात. 134 अंशांना तीन मिनिटं किंवा 121 अंशांना पंधरा मिनिटं. हेच काम नुसत्या कोरड्या गरम हवेनं करायचं तर 160 अंश आणि दोन तास लागतात. एवढा फरक कशाचा? वाफ थंड पोलादाला भिडते, तिथेच तिचं पाणी होतं आणि त्या क्षणी ती आपली सगळी साठवलेली उष्णता त्या कात्रीला देऊन टाकते. जंतू मरतात ते वाफेचं पाणी होताना. म्हणून वाफेत हवा मिसळलेली असली की काम बिघडतं. हवेचं पाणी होत नाही, ती गठ्ठ्याच्या आत गोधडीसारखी पसरून राहते.

हे आपल्या आयांना माहीत होतं. माझी आई कुकरचं झाकण लावल्यावर लगेच शिट्टी ठेवू द्यायची नाही. आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्यायची, मग शिट्टी. आतली हवा बाहेर काढणं हेच ते. नागपंचमीला तवा चढवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं वाफवायची, तेव्हा ती झाकणाला आतून फडकं बांधायची. झाकणाचं पाणी दिंडांवर टपकलं तर ती चिकट होतात. रुग्णालयात याच दुखण्याला 'ओले पॅक' म्हणतात. बाहेरून ओला राहिलेला गठ्ठा निर्जंतुक धरत नाहीत, कारण ओल्या कापडातून जंतू परत आत शिरतात.

आता माझी गोष्ट. कंपनीचं आणि रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. मी तेव्हा ठाण्याला होते, ऑटोक्लेव्हच्या नोंदी ठेवणारं आणि गडबड झाली की अलार्म देणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. त्यातली एक तपासणी मला फार आवडायची. शुद्ध वाफ असेल तर दाबावरून तिचं तापमान ठरलेलं असतं. म्हणजे दाब मोजायचा, त्यावरून तापमान किती असायला हवं ते काढायचं आणि आतल्या प्रोबनं मोजलेल्या तापमानाशी ताडून पाहायचं. प्रोब कमी दाखवत असेल तर दाबात हवेचा वाटा आहे, वाफ भेसळीची आहे. मी सूट एका अंशाची ठेवली होती.

मशीन मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात गेलं आणि रोज अलार्म वाजायला लागला. तिथल्या निर्जंतुकीकरण विभागाच्या सिस्टर दिवसाआड फोन करायच्या. "मॅडम, तुमचं मशीन नुसतं ओरडतंय. ऑपरेशनं खोळंबतात, डॉक्टर आमच्यावर ओरडतात." नोंदी पाहिल्या तर फरक अंशाच्या जरा वर, कधी जरा खाली. मी ठाण्यात बसून ठरवलं की सेन्सर थोडा इकडेतिकडे असणार, आणि सूट दोन अंश करून टाकली. एका फाईलमधला एक आकडा. अलार्म थांबले. सिस्टरांनी आभाराचा फोनसुद्धा केला.

चार महिन्यांनी त्यांचाच फोन आला. सोमवारी पहाटेच्या बोवी-डिक चाचणीचा कागद मध्यभागी फिका येतोय, आणि अधूनमधून पॅक ओले निघतायत. बोवी-डिक ही 1963 पासूनची चाचणी. कापडाच्या गठ्ठ्याच्या मधोमध रंग बदलणारा कागद ठेवतात. वाफ आतपर्यंत पोचली तर कागद सगळीकडे सारखा काळा होतो, हवा अडकली तर मध्ये फिका डाग राहतो. सिस्टर नियमानं मशीन थांबवायच्या, दहाच्या सुमारास पुन्हा चाचणी घ्यायच्या, तेव्हा कागद बरा यायचा आणि कामाला सुरुवात व्हायची. त्यांनी विचारलं ते मला अजून ऐकू येतं. "मॅडम, कागद सांगतो हवा आहे. तुमचं मशीन का सांगत नाही?"

मी बस पकडून गेले. तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती लाज वाटावी अशी. आमचा दाबाचा सेन्सर स्वस्तातला होता. बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त एवढंच तो सांगायचा. त्यात मी समुद्रसपाटीचा हवेचा दाब मिळवत होते, कारण आमची सगळी टेस्टिंग ठाण्यात खाडीकाठी झालेली. आणि हे रुग्णालय पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे माझं गणित जवळपास पाऊण अंश चुकत होतं. आपल्या पैठणलाही पाणी शंभराला नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. इथे वाढलेल्या मुलीला हे सुचायला हवं होतं. म्हणजे सुरुवातीचे बरेचसे अलार्म खोटे होते आणि ते माझ्या चुकीमुळे होते. ते बंद करायला मी सूट वाढवली, आणि त्या वाढीव सुटीत खरे अलार्म बुडाले.

नंतर मी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या 1972 सालच्या प्रकरणाचा चौकशी अहवाल वाचला. शिरेतून देण्याच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांनी तिथले रुग्ण दगावले होते. ऑटोक्लेव्हमधून हवा नीट निघाली नव्हती, त्यामुळे खालच्या बाटल्या तापल्याच नव्हत्या. रेकॉर्डरची रेघ सांगत होती की तापमान चढलेलं नाही. पण दाब तर बरोबर दिसत होता, म्हणून माणसांनी धरून चालले की रेकॉर्डरच बिघडलाय. तो अहवाल मी एका बैठकीत वाचू शकले नाही.

गणित दुरुस्त केलं. तरी सोमवारची हवा येते कुठून, हा प्रश्न राहिलाच. मशीन सुरुवातीला पंपानं आतली हवा ओढून काढतं, पण नंतर येणारी वाफच हवा घेऊन येत असेल तर पंप काय करणार? मी रात्री घरी अण्णांना फोन केला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, अण्णा साखर कारखान्यात बॉयलरवर होते, सेकंड क्लास अटेंडंट. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "फीड टाकीत हात घालून बघितला का कुणी?"

"नाही."

"बघ. पाण्यात हात टिकतोय म्हणल्यावर वाफेत वारं येणारच."

सोमवारी पहाटे साडेपाचला मी त्या बॉयलरच्या खोलीत टाकीत हात घातला. हात आरामात टिकला. रविवारी ऑपरेशन थिएटर बंद, म्हणून बॉयलर शनिवारी रात्री बंद करायचे आणि टाकी गार पडायची. गार पाण्यात हवा जास्त विरघळते. ते पाणी बॉयलरमध्ये गेलं की हवा सुटी होते आणि वाफेबरोबर निघते. टाकीचं पाणी 85 अंशांच्या वर ठेवलं तर बहुतेक हवा टाकीतच निघून जाते. दहा वाजेपर्यंत वापरलेल्या वाफेचं गरम पाणी टाकीत परतायचं, म्हणून दहाला कागद काळा.

पण व्यवस्थापनाला मुलीचा हात आणि वडिलांचा अंदाज पुरावा म्हणून चालत नाही. मग वाफ तपासणारे एक गृहस्थ बोलावले. मला वाटलं होतं, मोठं यंत्र आणतील. त्यांनी पिशवीतून काढलं काय, तर एक थर्मास, वजनकाटा, काचेची ब्युरेट, नरसाळं, रबरी नळी आणि दोन तापमापी. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडल्यासारखं!

पाण्यानं भरलेली ब्युरेट भांड्यातल्या गार पाण्यात नरसाळ्यावर उपडी धरतात. मुख्य पाइपातून बारीक नळीनं वाफ त्या नरसाळ्याखाली सोडतात. वाफेचं पाणी होतं, हवा बुडबुडे होऊन ब्युरेटच्या टोकाला साचते. जमलेल्या 100 मिलिलिटर पाण्यामागे हवा साडेतीन मिलिलिटरच्या आत असावी, असं युरोपचं मानक सांगतं. ऐकायला गंमत वाटते. 100 मिलिलिटर पाणी म्हणजे ऑटोक्लेव्हच्या दाबाला जवळपास 60 लिटर वाफ. एवढ्यात चमचाभर हवेनं काय बिघडतं? पण वाफेचं पाणी होऊन ती संपत जाते आणि हवा संपत नाही. ती थेंबे थेंबे साचत राहते, नेमकी गठ्ठ्याच्या मध्यात. त्या सोमवारी पहाटे ब्युरेटमध्ये मर्यादेच्या दुपटीजवळ हवा होती. गुरुवारी मर्यादेच्या आत.

थर्मासची चाचणी मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती, सर, तुमचंच गणित आहे. थर्मासमध्ये मोजून गार पाणी घ्यायचं, वाफ सोडून ते 80 अंशांच्या आसपास न्यायचं, परत वजन करायचं. वजन किती वाढलं आणि तापमान किती चढलं यावरून कळतं, आलेल्या वजनात खरी वाफ किती आणि नुसतं पाणी किती. धातूच्या हत्यारांसाठी शंभरातले निदान 95 भाग खरी वाफ हवी. इथे कमी भरली. पाइपाचं आच्छादन दोन ठिकाणी फाटलेलं आणि शेवटचा स्टीम ट्रॅप चोंदलेला होता, त्यामुळे पाइपात साचलेलं पाणी वाफेबरोबर पुढे यायचं. ओल्या पॅकांचं कारण मिळालं. तिसरी चाचणी वाफ जादा तापलेली तर नाही ना याची. तशी वाफ गरम हवेसारखीच वागते, लवकर पाणी होत नाही. तिथे काही निघालं नाही.

एक गोष्ट मला तेव्हा फार खटकली, आजही खटकते. बॉयलरसाठी आपल्याकडे 1923 पासून कायदा होता, 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक येतात, बॉयलर उघडून पाहतात, प्रमाणपत्र देतात. अण्णांच्या कारखान्यात तो दिवस सणासारखा असायचा. पण हे सगळं बॉयलर फुटू नये म्हणून, आणि ते हवंच. त्या बॉयलरची वाफ रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या कात्रीला लायक आहे का, हे पाहणं त्यांचं काम नाही. बॉयलरवाला म्हणतो माझं काम पाइपापर्यंत, मशीनवाले म्हणतात आमचं काम पाइपाच्या पुढे. मधल्या त्या दोन हात पाइपाला वाली नाही. मी नंतर बऱ्याच रुग्णालयांत विचारलं, वाफ शेवटची कधी तपासली? बहुतेक ठिकाणी मला बॉयलरचं प्रमाणपत्र काढून दाखवलं.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. त्या चार महिन्यांत कुणाला काही झालं का? मी सगळ्या नोंदी बसून पाहिल्या. खरोखर हवेचा संशय घ्यावा अशा फेऱ्या सापडल्या, बहुतेक सोमवारच्या. जंतूंची चाचणी तिथे आठवड्यातून एकदा व्हायची, बुधवारी. म्हणजे त्या फेऱ्यांबद्दल ना हो म्हणता येत, ना नाही. कपाटात शिल्लक होते ते पॅक परत निर्जंतुक केले. वापरून झाले होते त्यांची यादी मी रुग्णालयाला लेखी दिली, माझ्या आकड्याच्या चुकीसकट. आमच्या साहेबांना ते पत्र आवडलं नाही. सिस्टरांनी यादी हातात घेतली, वाचली, आणि चहा मागवला. पुढचं त्यांनी कसं निस्तरलं ते मला कधी सांगितलं नाही, मीही विचारायचं धाडस केलं नाही.

त्यानंतर मी लिहिलेल्या कुठल्याही प्रणालीत अलार्मची सूट ठाण्यातून बदलता येत नाही. बदलायची तर मशीनसमोर उभं राहून, कारण लिहून, सही करून. सहकारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

अण्णा मागच्या रांगेत बसलेत. त्यांनी आज सकाळी मला विचारलं, "वाफ दिसते का गं?" मी म्हटलं, दिसते की. ते हसले. कुकरच्या शिट्टीजवळ नीट बघा, नळीला लागून थोडी जागा मोकळी दिसते, धूर त्याच्यापुढे सुरू होतो. वाफ ती मोकळी जागा. पांढरं दिसतं ते पाणी.

आज रविवार. काल रात्री गप्पांत आपल्या वर्गातल्या एका डॉक्टरनं सहज सांगितलं की त्याच्या रुग्णालयाचा छोटा बॉयलर शनिवारी रात्री बंद होतो, तो सोमवारी पहाटे सुरू होतो. त्याला तेव्हा कळलं नाही मी का गप्प झाले. थर्मास आणि ब्युरेट माझ्या गाडीत आहेत. उद्या पहाटे साडेपाचला मी आणि अण्णा त्याच्याकडे जाणार आहोत. ज्याला यायचं त्यानं यावं. टाकीत हात मात्र अण्णाच घालणार, असं त्यांनी बजावलंय.

चला, पंगत मांडलीय.