उद्या नांदूरला जाताना



उद्या रविवार. पहाटे आपला वर्ग नांदूर-मधमेश्वरला पक्षी पाहायला जाणार आहे. पाटी-पुस्तकाला उद्या सुट्टी. पण निघण्यापूर्वी थोडे बोलून ठेवावे, म्हणून आज धडा घेत नाही.

तुमच्यातले काही जण परवा म्हणाले, "गुरुजी, पाखरं तर रोज शेतात दिसतात. ती बघायला टेम्पोचं भाडं कशाला भरायचं?" प्रश्न रास्त आहे. पण शेतातले पाखरू आपल्याला ज्वारीच्या कणसावर बसलेले दिसते, आणि तेव्हा आपल्या हातात गोफण असते. हातात गोफण असली म्हणजे पाखरू दिसते, पण नीट पाहून होत नाही. आमचेही उभे आयुष्य तसेच गेले. आम्ही शाळेत पोपट आणि मोर शिकवले, ते पुस्तकातल्या चित्रावरून. नदीवर जाऊन स्वस्थ बसलो ते नोकरी संपल्यावर.

नांदूर-मधमेश्वर निफाड तालुक्यात आहे. तेथे गोदावरीला कादवा नदी मिळते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, इंग्रजी अमदानीत, तेथे दगडी बंधारा बांधला. त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. ते पाणी कोपरगाव-राहात्याकडच्या शेतांना जाते. बंधारा झाला तो पिकांसाठी. पाखरांचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पण नदी पाण्याबरोबर गाळही आणते. पाणी अडले, तसा गाळ तळाशी बसला. वर्षानुवर्षे बसतच गेला. पाणी उथळ झाले. मध्ये बेटे तयार झाली. कडेला चिखल झाला, लव्हाळे आणि पाणकणीस माजले. धरणाला गाळ नकोसा, पण त्याच गाळात किडे, शिंपले आणि पाणगवत वाढले. मासे तर होतेच. पाखरांना आयते अन्नछत्र मिळाले!

१९८६ साली सरकारने ही जागा अभयारण्य म्हणून जाहीर केली. पुढे २०२० साली तिचे नाव रामसरच्या यादीत आले. रामसर हे इराण देशातले गाव. पाणथळ जागा राखाव्यात, असा करार तेथे १९७१ साली देशोदेशींच्या सरकारांनी केला. त्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणजे आपले हे नांदूर. आता शहरांची घाण आणि पाणवेलीसुद्धा नदीतून तेथवर येतात, हेही तुम्हाला उद्या दिसेल. ते पाहून आम्हाला वाईट वाटते. पण ते बोलणे पुन्हा कधी तरी.

आता पाखरांकडे वळू. तुम्ही शेतकरी माणसे. अवजार पाहिले की ते कोणत्या कामाचे, हे तुम्हाला सांगावे लागत नाही. पाखराची चोच म्हणजे त्याचे अवजार. उद्या आधी चोच पाहा. कुदळ्या नावाचा पक्षी आहे. त्याची चोच लांब आणि खाली वाकलेली. तो चिखल उकरून किडे काढतो. चमचा नावाचा पांढरा पक्षी आहे. त्याच्या चोचीचे टोक खरोखर चमच्यासारखे चपटे. तो उथळ पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवत चालतो, जसे आपण पाभरीमागून चालतो तसे, सावकाश. तिरंदाजाची चोच भाल्यासारखी. तो पाण्याखाली जाऊन मासा भोसकतो. चित्रबलाकाची गंमत निराळी. तो चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात धरतो. माशाचा स्पर्श झाला, की चोच फटकन मिटते. डोळ्यांनी मासा दिसण्याची त्याला गरजच नाही. गढूळ पाण्यातही त्याचे पोट भरते. आणि रोहित पक्षी आला असेल, तर तो मान खाली घालून चोच उलटी धरतो. त्याच्या चोचीत चाळण असते. पाणी बाहेर जाते, बारीक खाणे आत राहते.

पायही पाहा. शेकाट्याचे पाय तांबडे आणि इतके लांब, की तो काठ्यांवर चालणारा डोंबारी वाटतो. कमळपक्ष्याची बोटे लांबलचक. त्यामुळे भार विभागतो आणि तो पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून बुडल्यावाचून चालत जातो. त्याच्या घरची रीतही उलटी. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे हे सारे बापाकडे! हसू नका, बायकांनी आता घरी जाऊन हे सांगितले तर काय होईल, याची आम्हालाही धास्ती आहे.

ही नावे कोणी ठेवली? तुमच्याआमच्यासारख्यांनीच ठेवली. एक काळा पाणपक्षी आहे. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो आणि तो थव्याने पाण्यावर चालला असतो. लोकांनी त्याला वारकरी म्हटले. एका बदकाच्या काळ्या चोचीवर मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग. त्याचे नाव हळदी-कुंकू. मागच्या वर्षी तेथे एका फलकावर हे नाव लिहिलेले होते. आपल्या आक्कांनी ते एक एक अक्षर लावून वाचले. "ह-ळ-दी-कुं-कू" असे वाचून त्या पाण्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कुठाय?"

पुढे जे झाले, ते आम्ही आजवर वर्गात बोललो नाही. आज बोलतो.

आपल्याजवळ दुर्बीण एकच होती. मनोऱ्यावर रांग लागली. समोर बेटाजवळ पाच-सातशे बदके बसलेली. एकेक जण पाहत होता. आक्का शेवटी उभ्या होत्या, "आधी पोरींना बघू द्या" म्हणून. त्यांची पाळी आली आणि तेवढ्यात आम्हाला चक्रवाकाची जोडी दिसली. नारिंगी रंग, उन्हात सोन्यासारखा. आमच्याने राहवेना. "अरे, ते पाहा, ते पाहा!" असे आम्ही ओरडलो. तीस वर्षे वर्ग सांभाळलेला आवाज तो, मागच्या बाकापर्यंत जाणारा. सारा थवा एकदम उठला. पंखांचा आवाज पाऊस आल्यासारखा झाला. पाणी रिकामे. आक्कांच्या डोळ्यांना दुर्बीण लागली, तेव्हा समोर नुसत्या लाटा होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुर्बीण पुसून परत दिली.

बरोबरचा वाटाड्या, गावातलाच तरुण मुलगा, हळूच म्हणाला, "गुरुजी, ही लांबून आलेली असतात. उठवली की त्यांची ताकद जाते." मुलाचे म्हणणे खरे होते. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतो. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकदंब तर मंगोलियातूनही येतो. तो हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून उंच उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. आपल्या चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी तो त्यांच्याही वरून जाईल. एवढी मजल मारून पाखरू येथे हिवाळ्यात येते, ते थंडीतून आणि उपासातून वाचण्यासाठी. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परत जायचे, म्हणून ते अंगात चरबी साठवते. दर वेळी उगाच उडवले, की त्यातली थोडी खर्ची पडते. पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यातून कोणी ओंजळ ओंजळ नेत राहिले तर तुम्हाला कसे वाटेल? आम्ही तसेच केले होते. तेही पाखरांना चांगले ओळखत असताना.

तेव्हा उद्याचे असे ठरवू. टेम्पो लांब उभा करायचा आणि पुढे पायी जायचे. भडक लाल किंवा पांढरे शुभ्र कपडे नकोत, मातकट रंगाचे असावेत. बोट दाखवताना हात झटकन वर करू नये. पाखरे मान उंच करून आपल्याकडे पाहू लागली, की समजावे, आपण फार जवळ आलो. मग तेथेच बसावे. बसून राहिले, की पाऊण तासाने ती आपल्याला विसरतात. मग टिबुकली बुडी मारते आणि दुसरीकडेच वर येते, ती कोठे निघेल याची पैज मनातल्या मनात लावावी. भाकरी बांधून आणा, कागद-पिशव्या परत आणू. तंबाखूवाल्यांनी खोकला आवरावा. आम्ही तोंड बंद ठेवणार आहोत. विसरलो, तर शेजारच्याने खुशाल कोपर मारावे. रागावणार नाही.

पहाटे पाच वाजता पारापाशी जमायचे. उजाडताना पोचलो, तर धुके उठायच्या आत थवे दिसतील.

आणि आक्का, उद्या रांगेत तुम्ही पहिल्या. पोरी थांबतील.