पळून गेलेले वाहन आणि जखमीचा हक्क

पहाटेची वेळ आहे. दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून एक शेतकरी सिन्नरजवळ महामार्गाच्या कडेने निघाला आहे. मागून आलेले भरधाव वाहन त्याला धडक देते आणि न थांबता निघून जाते. वाहनाचा क्रमांक कोणीही टिपलेला नाही. मांडीचे हाड मोडलेला तो शेतकरी रुग्णालयात पोहोचतो आणि तासाभरातच घरच्यांपुढे पैशांचा प्रश्न उभा राहतो. हे चित्र कल्पित असले, तरी अपरिचित खासच नाही. 2022 या एका वर्षात देशात अशा 67,387 अपघातांची नोंद झाली.

अशा वेळी ‘गाडीला विमा असतोच, खर्च मिळेल’ असे कोणीतरी धीराने सांगतो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. धडक देणाऱ्या वाहनाचा सक्तीचा विमा जखमी त्रयस्थाची भरपाई करतो हे खरे. तथापि त्यासाठी वाहन सापडावे लागते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जावे लागते. जखमी स्वतःच्याच मोटारीत असला, तरी फारसा फरक पडत नाही. मालक-चालकासाठीचा 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू व कायमचे अपंगत्व यांसाठी आहे, रुग्णालयाच्या बिलासाठी नव्हे. सर्वंकष विम्यातून मोटारीचा पत्रा सरळ होतो. मालकाच्या हाडांसाठी त्याला आरोग्य विम्याकडेच वळावे लागते.

मग या शेतकऱ्याला आधार कोणाचा? पहिला आधार उपचारांचा. केंद्र शासनाने 5 मे 2025 रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीवर नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न घेता व्हावयाचे आहेत. वाहन अज्ञात असले, म्हणून हा हक्क जात नाही. रुग्णालय नियुक्त नसेल, तर तेथे केवळ प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात. म्हणून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतानाच, जखमीला कोठे नेले जात आहे, याची चौकशी केलेली बरी.

दुसरा आधार भरपाईचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू आल्यास 8,500 रुपये व गंभीर दुखापतीस 2,000 रुपये ठरविण्यात आले होते. 1994 मध्ये या रकमा 25,000 व 12,500 झाल्या आणि पुढे अनेक वर्षे तेथेच राहिल्या. 1 एप्रिल 2022 पासून त्या अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार रुपये आहेत. ही रक्कम ठरावीक आहे. बिल कितीही मोठे झाले, तरी ती वाढत नाही. मात्र हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच होय, हे अनेकांना ठाऊक नसते.

अर्ज करावयाचा तो विमा कंपनीकडे नव्हे, तर महसूल खात्याकडे. दावा चौकशी अधिकारी म्हणून उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार काम पाहतात. अर्जासोबत प्रथम माहिती अहवाल, जखमेचा अहवाल किंवा मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल, रुग्णालयाचे बिल, ओळख व पत्त्याचे पुरावे आणि बँकेच्या पासबुकाची प्रत लागते. एका महिन्यात चौकशीचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा, त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यावी आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने रक्कम खात्यात भरावी, असा क्रम आहे.

घोटाळा होतो तो बहुधा पहिल्याच दिवशी. पोलिसांची झंझट नको, म्हणून नातेवाईक ‘सायकलवरून पडला’ असे सांगून मोकळे होतात. तेच रुग्णालयाच्या कागदावर उतरते आणि पुढे वाहनाने धडक दिल्याचे सिद्ध करणे दुरापास्त होते. मदतीला धावलेला वाटसरूही साक्षीच्या भीतीने निघून जातो. वास्तविक सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

2022-23 मध्ये देशभरातून या भरपाईसाठी केवळ 205 दावे आले आणि त्यांपैकी 95 निकाली निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये याची गंभीर दखल घेतली. महिन्याभरात वाहनाचा शोध न लागल्यास पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी आणि दावा चौकशी अधिकाऱ्यालाही कळवावे. तरीही महिन्यात अर्ज न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्या कुटुंबापर्यंत जावे, असा न्यायालयाचा आदेश आहे. सिन्नरच्या त्या शेतकऱ्याच्या घरी असे पत्र आले नाही, तर त्याच्या मुलाने पोलीस ठाण्यात जाऊन ते मागावे.

उद्या ते वाहन सापडले, तर न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याची वाट मोकळी राहते. तेथे रक्कम मंजूर झाल्यास या योजनेतून मिळालेले पैसे त्यातून परत करावयाचे असतात. तसे हमीपत्र अर्जासोबतच लिहून घेतले जाते.